उताराखालचं घर

क्लिफ स्टर्ट मागच्या दाराने आला. त्रेपन्न वर्षांचा बाप्या, नेदरकोममधली निम्मी गवती छपरं त्याच्या हातची. पण हेस्टर लारवुडबाईंकडे यायचं म्हटलं की अजूनही बूट दाराबाहेर काढायचा आणि टोपी हातात धरून उभा राहायचा. बाईंनी त्याला पाढे शिकवले होते. गावच्या शाळेत एकच वर्ग, एकच बाई, आणि त्या बाई म्हणजे ह्या.

"बस ना. चहा टाकते," बाई म्हणाल्या.

"नको बाई. छपरावरनं तसाच आलोय, खुर्ची खराब होईल तुमची."

तो बसला नाही. खिडकीतून ओढ्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "रविवारी माझ्या फाटकाशी लागणार त्या पाटीचं बोलायचं होतं."

बाईंनी हातातली किटली खाली ठेवली. पण चेहरा बाईंचा, म्हणजे मुख्याध्यापिकेचा; त्यावर काही दिसत नसे.

"पाटी लावू नका असं नाही म्हणत मी," क्लिफ म्हणाला. "झालं ते झालं. तुम्हीच शिकवलंत, खरं असेल ते लिहावं. फक्त एक ओळ वाढवता आली तर बघा. आमच्या त्या पूर्वजाला सहा पोरं होती आणि त्या साली घरात खायला नव्हतं, म्हणून त्याने तोंड उघडलं असेल. एवढंच. फेलिसिटी मॅडम पाट्या करवतायत, त्या तुमचं ऐकतील. मी सांगितलं तर म्हणतील, घरचाच माणूस, सारवासारव करतोय."

"सहा पोरं होती हे तुला कसं कळलं?"

"चर्चच्या वह्या बघितल्या. आई गेल्यावर. बाप्तिस्मे सहा आहेत. दोन त्याच हिवाळ्यात पुरलेत." त्याने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "आईला हे कळलं असतं तर बरं झालं असतं. तिला वाटायचं आपली माणसं जात्याच नीच."

"बघते मी," बाई म्हणाल्या.

तो "थँक यू बाई" म्हणाला, बूट चढवले आणि गेला. बाईंनी त्याच्यासाठी काढलेला कप पुन्हा फळीवर ठेवला. अठ्ठ्याहत्तर वर्षांत एवढी लाज त्यांना कधी वाटली नव्हती, आणि लाज वाटायची कारणं तर त्यांच्याजवळ बऱ्याच दिवसांची होती.

नेदरकोम गाव एवढंसं. खडूच्या टेकडीवरून रस्ता खाली येतो, गारगोट्यांच्या चर्चला वळसा घालतो, ओढ्याच्या उतारातून, म्हणजे गाड्या पाण्यातूनच पार करायच्या उथळ जागेतून, पाणी उडवत पलीकडे जातो आणि समोरच्या टेकडीवर चढून नाहीसा होतो. मोटारीत बसलेल्याचं गाव दीड मिनिटात बघून होतं. पण १९७७ साली, राणीच्या राज्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा, गावोगाव काहीतरी करायची टूम निघाली. कुणी बाकं बसवली, कुणी झाडं लावली. बाई तेव्हा बत्तीस वर्षांच्या, नव्याने शाळेवर आलेल्या, इतिहासाच्या वेडाने झपाटलेल्या. त्यांनी पत्रक काढलं: गावातून फिरताना बघायची अकरा ठिकाणं. पहिलं ठिकाण त्यांची स्वतःची पाणचक्की, दारावर १८३२ कोरलेला दगड, खाली लिहिलं होतं की जोसाया लारवुड या कष्टाळू आणि काटकसरी चक्कीवाल्याने ही बाजू वाढवली. दुसरं चर्च, तिसरं चर्चला द्यायच्या दशांशाचं धान्य साठवायचं कोठार, चौथी शाळा. आणि पाचवं ठिकाण, उताराखालचं बुटकं घर, स्टर्ट लोकांचं. त्याला बाईंनी नाव दिलं होतं 'फितुराचं घर'.

ते नाव त्यांना जिल्ह्याच्या दप्तरखान्यात सापडलं होतं. १८३० च्या हिवाळ्यात इकडच्या शेतमजुरांनी मळणीयंत्रं फोडली, गंज्या पेटवल्या. नेदरकोमच्या चौघांना पकडलं. तिघांना जहाजात घालून ऑस्ट्रेलियाला धाडलं आणि एका एकोणीस वर्षांच्या पोराला फासावर चढवलं. नावं कुणी सांगितली ते गावाला कधी कळलं नाही. पण मॅजिस्ट्रेटच्या एका पत्रात होतं: 'उताराखालच्या घरातल्या माणसाने चौघांची नावं दिली, त्याच्या जिवाला धोका नको म्हणून त्याचं नाव लिहीत नाही.' बाईंनी ते वाचलं आणि दप्तरखान्याच्या शांततेत त्यांचे कान गरम झाले. उताराखाली घर एकच होतं. बाईंनी त्याच रात्री पाचवा परिच्छेद लिहिला. गावाच्या इतिहासाला जरा तिखटमीठ हवंच होतं, नाहीतर अकरा ठिकाणं कोण चालत फिरणार?

कुणी वाईट वागलं नाही, हे आधी सांगितलं पाहिजे. इंग्लंडच्या खेड्यात कुणी वाईट वागत नाही, फक्त चेष्टा करतात. क्लिफ शाळेत आला की पोरं तोंडावर बोट ठेवायची. पबमध्ये त्याचा बाप शिरला की कुणीतरी म्हणायचं, "गप रे, आला बघ, उद्या मॅजिस्ट्रेटकडे जाईल." सगळे हसायचे, बापही हसायचा. सुट्टीत आलेले लोक पत्रक हातात धरून त्यांच्या फाटकाशी थांबायचे आणि क्लिफची आई आयव्ही कपडे वाळत घालत असली तर तिच्यासकट फोटो काढायचे. आयव्ही चर्चमधली पितळी भांडी घासायची. एकदा फादरच्या खोलीतून काही कागद हरवले तेव्हा कुणीतरी म्हणालं, "आयव्हीला विचारा, त्यांच्या घरात माहिती पोचवायची परंपरा आहे." ते विनोदाने म्हटलं होतं. आयव्हीने पुढच्या महिन्यापासून भांडी घासायला जाणं सोडलं. मग गावच्या सुगीच्या जेवणालाही जाणं सोडलं.

बाईंना हे सगळं दिसत होतं. पण इतिहास म्हणजे इतिहास, असं त्या म्हणायच्या. दुसऱ्याच्या पूर्वजाबद्दल असं म्हणायला फार सोपं जातं.

१९९५ च्या उन्हाळ्यात पाऊस पडलाच नाही. खडूतला ओढा आटून पाण्याची दोरी उरली. ऑगस्टमध्ये एका सकाळी बाई आपल्या कुरणात गेल्या, तर चक्कीच्या वरच्या अंगाला, ओढ्याच्या काठावर गवत करपून एक सरळ पट्टा उमटला होता. त्यांनी पायाने माती सारली. खाली गारगोट्यांची फरसबंदी होती, आणि तिच्यात गाड्यांच्या चाकांच्या दोन चाकोऱ्या, पाण्यात उतरणाऱ्या. पलीकडच्या काठावरही तशाच, वर चढणाऱ्या.

बाई काही खुळ्या नव्हत्या. त्याच सकाळी त्या गाडी काढून दप्तरखान्यात गेल्या आणि जो नकाशा अठरा वर्षांपूर्वी ओल लागली म्हणून दुरुस्तीला गेला होता तो मागून घेतला. १८३९ चा नकाशा. त्यात उतार होता चक्कीच्या वर. हवेलीच्या जमीनदाराने १८४६ मध्ये रस्ताच हलवला होता. त्याच्या दिवाणखान्याच्या खिडकीतून शेणाच्या गाड्या दिसत होत्या, त्या त्याला नको होत्या. रस्ता पाव मैल खाली गेला, उतार खाली गेला, आणि स्टर्टांचं घर बिचारं उताराखालचं झालं, तेही फितुरी होऊन सोळा वर्षांनी. १८३० मध्ये उताराखाली लागून घर एकच होतं. त्याचं पीठ सगळं गाव खात होतं. फितुरीनंतर दोन वर्षांत त्याला नवी बाजू बांधायला पैसे मिळाले, आणि ते वर्ष दारावरच्या दगडात कोरलेलं होतं.

वर्गात बाई मुलांना सांगायच्या, जुना नकाशा पाहिल्याशिवाय जुन्या गोष्टीवर बोलू नये. हे त्यांनी स्वतः केलं नव्हतं. पण तीही चूक माणसाच्या हातून होते. पुढे केलं ती चूक नव्हती.

घरी येऊन त्यांनी फावडं घेतलं आणि तो पट्टा मातीने बुजवला. चार दिवस लागले. वर विलोची रोपं लावली. काठ ढासळू नये म्हणून, असं त्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं, आणि नंतर स्वतःलाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पत्रकाची तिसरी आवृत्ती निघाली, चौथी निघाली, पाचवं ठिकाण तसंच राहिलं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, तसं बाईंचं झालं. फक्त त्याला त्या इतिहास म्हणत होत्या.

आयव्ही गेली गेल्या हिवाळ्यात. दफनाला बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. आणि आता लंडनहून येऊन जुनं पाद्रीघर विकत घेतलेल्या फेलिसिटी ब्रॅम्वेलने अकरा ठिकाणांना अकरा पाट्या करवल्या होत्या, पक्क्या, पन्नास वर्षं टिकतील अशा. पाचवी पाटी क्लिफच्या फाटकाबाहेर.

त्या संध्याकाळी बाईंनी क्लिफची ओळ लिहायला घेतली. 'त्याला सहा मुलं होती.' पुढे हात जाईना. ज्या माणसाने काही केलंच नव्हतं त्याला त्या माफी मागून देत होत्या, आणि त्याची दोन पोरं ज्या हिवाळ्यात उपाशी गेली त्या हिवाळ्यात त्यांच्या चक्कीत पिठाची पोती होती. बाईंनी कागद फाडला. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्यांना त्या टेबलाशी कळलं.

दुसऱ्या दिवशी त्या क्लिफकडे गेल्या. तो फाटकाशी गवताच्या पेंढ्या कापत होता. बाईंनी सगळं सांगितलं. पट्टा, नकाशा, चक्की, माती, विलो. सांगताना त्या उभ्याच होत्या, त्याने बसा म्हटलं नाही.

क्लिफचं कापणं थांबलं. "कधी कळलं तुम्हाला?"

"पंच्याण्णवला."

तो मनात काहीतरी मोजत होता. "आईने सुगीचं जेवण सोडलं अठ्ठ्याण्णवला," तो म्हणाला. "मी तिला म्हणायचो, चल गं, एवढं काय मनावर घेतेस. ती म्हणायची, बाईंनी लिहिलंय म्हणजे खरंच असणार. तुमच्यावर कधी चिडली नाही ती."

"क्लिफ, मी तुझी माफी मागायला आलेय."

"ते कळलं." त्याने कोयता खाली ठेवला. "पण इथं बागेत मागू नका बाई. इथं तुम्ही नि मी. तुम्हाला हलकं वाटेल आणि मला कुणाला सांगता येणार नाही. रविवारी सांगा. सगळ्यांसमोर. माझ्या फाटकाशी."

बाईंनी होकाराची मान डोलावली. त्याचं म्हणणं रास्त होतं, आणि म्हणूनच ते फार जड होतं.

शनिवारभर बाईंनी मनाची तयारी केली. लोक काय करतील ते त्यांनी सगळं ठरवून टाकलं. फेलिसिटी तोंड फिरवेल. चर्चमध्ये कुणी शेजारी बसणार नाही. दुकानात गेलं की बोलणं थांबेल. शाळेतली जुनी मुलं भेटली की खाली बघतील. व्हायलाच हवं होतं ते. आयव्हीने पंचेचाळीस वर्षं जे भोगलं ते आपण निदान मरेपर्यंत भोगू, एवढा हिशेब तरी सरळ होईल, असं त्यांना वाटत होतं, आणि त्यात थोडासा दिलासाही होता. आपण किती वाईट आहोत हे एकदाचं सगळ्यांना कळेल, याचा दिलासा.

रविवारी चाळीसेक माणसं जमली. ऊन होतं. पहिल्या चार पाट्या उघडल्या, टाळ्या झाल्या, पाचव्या पाटीवर फेलिसिटीचं निळं टेबलक्लॉथ होतं. क्लिफ आतल्या बाजूने फाटकाला टेकून उभा होता, अंगात दफनाच्या वेळचा कोट.

"आता आपल्या गावचा इतिहास ज्यांच्यामुळे आपल्याला कळला त्या हेस्टरच हे उघडतील," फेलिसिटी म्हणाली. "हेस्टर, या. आणि ती फितुराची गोष्ट तुमच्या तोंडून होऊन जाऊ दे."

बाई पुढे झाल्या. टेबलक्लॉथला हात लावला नाही.

"ही गोष्ट खोटी आहे," त्या म्हणाल्या. "मी लिहिलेली. फितूर या घरातला नव्हता. तो माझ्या घरातला होता."

मग त्यांनी सांगितलं. आवाज वर्गातला, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. जमीनदाराची खिडकी सांगितली, रस्ता कसा हलला ते सांगितलं, जोसाया लारवुड सांगितला, दारावरचा १८३२ चा दगड सांगितला. एकोणीस वर्षांचं पोर सांगितलं. शेवटी उरलं होतं ते सांगितलं: "हे मला अठ्ठावीस वर्षं माहीत आहे. मी ते माझ्या हाताने मातीखाली पुरलं. आयव्ही स्टर्ट या गावात मान खाली घालून जगली आणि मान खाली घालून गेली, ती माझ्यामुळे. मी तिच्या दफनाला पहिल्या रांगेत बसले होते."

बाई डोळे खाली घालून वाट बघत होत्या.

मग फेलिसिटीने हसून दोन्ही हात छातीशी नेले. "हेस्टर," ती म्हणाली, "हे तर कितीतरी पटीने चांगलं आहे."

आणि टाळ्या सुरू झाल्या. आधी दोन-तीन जणांच्या, मग सगळ्यांच्या. कुणीतरी म्हणालं, "एवढं धाडस लागतं हो." लोक बाईंभोवती आले. पाठीवर हात ठेवले. "आमच्या घरात एक समुद्री चाचा होता म्हणे," एक गृहस्थ म्हणाले, "तुमचं मात्र एकदम पक्कं, कागदोपत्री." एक बाई म्हणाली, "आणि इतकी वर्षं पत्ता नाही लागू दिलात, लबाड कुठल्या." सगळे हसले.

"पण मी ते लपवलं," बाई म्हणाल्या. "ऐकलंत ना तुम्ही? मी माती टाकली."

"अहो, आम्ही कुणीही तेच केलं असतं," फेलिसिटी म्हणाली. "इतकं लावून नका घेऊ. पाचवी पाटी काढून टाकू, आणि चक्कीसमोर मोठी करू. ते विलो उपटले तर फरसबंदी बघता येईल ना? लोक मुद्दाम येतील बघा. मला तर आत्ताच बघायचीय."

बाईंना कळेना काय चाललंय. जे नाव स्टर्टांच्या दारावर पडलं तेव्हा त्या घराची मान खाली गेली, तेच नाव लारवुडांच्या दारावर आलं तर शोभेचं झालं. मोठ्या घराला डाग पडत नाही, त्याची गोष्ट होते. हे त्यांना अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी समजत होतं, आणि त्यांनी आयुष्यभर इतिहास शिकवला होता. शिक्षा मागायला आल्या होत्या, ती द्यायला या चाळीस जणांत कुणी तयारच नव्हतं. जमिनीने पोटात घ्यावं असं वाटण्याइतकी लाज त्यांना टाळ्यांनी आणली, आणि ती कुणाला दाखवायची सोय नव्हती.

त्या माणसांतून वाट काढत फाटकाशी गेल्या. क्लिफने टाळी वाजवली नव्हती. चिडलेलाही दिसत नव्हता. दिवसभराचं काम करून दमलेला माणूस दिसतो तसा दिसत होता.

"क्लिफ," त्या म्हणाल्या, आणि फाटकावर हात ठेवला.

"सांगितलंत तुम्ही. जसं म्हणालात तसं सांगितलंत," तो म्हणाला. "माझं काही म्हणणं नाही." मग फाटकाची कडी लावता लावता म्हणाला, "आईला कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, बाई."

तो आत गेला. दार लावून घेतलं, हळूच, आवाज न करता.

मागून फेलिसिटी हाक मारत होती, हेस्टर, चला, सगळे खोळंबलेत. चहा चक्कीवर ठेवला होता, बाईंनीच महिन्यापूर्वी सांगितलं होतं तसा, आणि केकही त्यांनीच केला होता. बाई निघाल्या. चाळीस माणसं १८३२ च्या दगडाखालून एकेक करून आत गेली, वर बघत, दगडाला हात लावत, आणि बाईंनी प्रत्येकाला कपात दूध किती हवं ते विचारलं.